मामांची टिचकी

शर्यतीच्या मैदानावर त्यांना सगळे टिचकीमामा म्हणत. खरं तर मामा म्हणायचा हक्क एकटीचाच, त्यांच्या बहिणीच्या मुलीचा. पण नाव एकदा पडलं की पडलं, ते कोण पुसणार?

धंदा पेट्रोलच्या टाक्या बनवण्याचा. शर्यतीच्या गाड्यांना लागतात त्या, आणि सुटे भाग खोक्यांतून मागवून लोक घरच्या घरी जी गाडी जोडतात, तिला लागतात त्याही. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा, आणि झाकण बसवण्याआधी आत फोम भरायचा. हा फोम गादीतला नव्हे, त्याचा तर पेट्रोलमध्ये लगदा होतो. हा वेगळा, जाळीदार. पेट्रोल त्यात मुरून बसतं, वळणावर हिंदकळत नाही, आणि टाकी फुटली तरी भसकन बाहेर पडत नाही. फोमनं आग टळते असं नाही, तिला थोडा उशीर होतो. पट्टे सोडून बाहेर उडी मारायला ड्रायव्हरला तेवढाच उशीर पुरतो.

हे मामा पुस्तकातून शिकले नव्हते. बावीस वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरनं हट्ट धरला, फोम नको, त्या जागेत आणखी पेट्रोल मावेल. गिऱ्हाईक म्हणेल ते, म्हणून मामांनी पोकळ टाकी दिली. दुसऱ्याच फेरीत ती गाडी भिंतीवर गेली. मामा हाकेच्या अंतरावर उभे होते, धावलेही, पण जवळ जाता आलं नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

तेव्हापासून शर्यतीआधी प्रत्येक टाकीला वरच्या अंगाला एक टिचकी. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसं. फोम असला तर ठप्प, पोकळ असली तर टण्ण. ठप्प वाजलं की मामा टाकीवर खडूनं गोल काढत. शर्यतीच्या साहेबांनी मग नियमच करून टाकला, गोल नाही तर गाडी सुटणार नाही. टाकी उघडून बघायच्या भानगडीत कोण पडतो? मामांची टिचकी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारणाऱ्याचे कान किती दिवस साथ देणार, तुम्हीच सांगा. आधी गेले ते बारीक, टोकदार आवाज. गजर गेला, दाराची घंटा गेली. एकदा किटली जळून काळी ठिक्कर पडली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कानाला मशीन लावून घ्या. शेजारी बसून शिटी ऐकू आली नाही तुम्हाला."

"मी विचारात होतो," मामा म्हणाले.

कसला विचार नि कसलं काय. भीती होती ती. कानात मशीन दिसलं की टिचकीवर कोण विश्वास ठेवणार? मैदानावर ते समोरच्याच्या ओठांकडे बघत, नाही समजलं तर हसून मान डोलवत. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार.

आणि गंमत बघा. गेल्या दोन हंगामांत एकही टाकी पोकळ निघाली नव्हती. जी वाजवावी ती ठप्प. मामांना वाटलं, पोरं सुधारली. बायकोला त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलंसुद्धा.

त्या रविवारी सकाळी बारा गाड्या होत्या. मामांनी बाराही वाजवल्या, बाराही गोल काढले. बारावी भाचीची. तिनं ती घरामागच्या शेडमध्ये स्वतः जोडलेली, टाकी मामांनी दिलेली, पाच वर्षांपूर्वी फोमही त्यांनीच भरलेला. गाडी रांगेत न्यायला ती स्टेअरिंगवर बसली आणि मामा मागून ढकलू लागले, एक तळवा टाकीवर टेकवून.

रांगेत पोचल्यावर तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. आतलं पेट्रोल थांबलं नाही. ते पुढच्या पत्र्यावर आदळलं, मागे आलं आणि मामांच्या तळव्याला धक्का देऊन पुन्हा पुढे गेलं. फोम असलेल्या टाकीत पेट्रोल असं येरझारा घालत नाही.

हात तसाच ठेवून मामांनी विचारलं, "फोम कुठंय?"

भाची उतरली, हेल्मेट काढलं आणि त्यांना तोंड नीट दिसेल अशी समोर उभी राहिली. "काढला, मामा. जुना होऊन चुरा पडत होता. फिल्टर तुंबायचा, ऐन वळणावर इंजिन बंद. नवा यायला दोन महिने लागणार होते."

"मघाशी मी टिचकी मारली तेव्हा बोलली नाहीस."

ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बहुतेकांनी काढलाय. तुम्हाला ऐकू येत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

मामांनी रांगेकडे पाहिलं. बारा टाक्या, त्यांवर त्यांच्याच हातचे बारा पांढरे गोल. ही मंडळी दोन वर्षं वाकून नमस्कार करत होती, 'मामा, वाजवा' म्हणत टाकी पुढे करत होती, ते कशासाठी हे आता कळलं. याला म्हणतात मामा बनवणं. पण राग पोरांचा आला नाही तेवढा स्वतःचा आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. बावीस वर्षांपूर्वी एक पोकळ टाकी त्यांच्या हातून गेली होती. त्यानंतर किती गेल्या, ते मोजायची हिंमत होईना.

ते तडक साहेबांकडे गेले. "मला ऐकू येत नाही. माझे गोल धरू नका. टाक्या उघडा."

साहेबांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मामांना वाचता येईल इतपत सावकाश म्हटलं, "सात मिनिटं राहिलीत. गोल आहेत ना? मग झालं. उरलेलं पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी. मामांना ती भिंत दिसली, तीच, फक्त नवा रंग दिलेली.

त्यांनी बाजूच्या बादलीतलं फडकं उचललं, पिळलं आणि पहिल्या गाडीपाशी जाऊन टाकीवरचा गोल पुसला. मग दुसऱ्या गाडीचा. ड्रायव्हरांनी इंजिनं सुरू केली, तळपायांना जमीन थरथरताना जाणवली. तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं मान वळवून तोंड उघडलं. चौथ्यानं तर त्यांचा दंड धरला. मामांनी तो सोडवून घेतला.

पाचव्या गाडीपाशी त्यांनी मान वर केली. रांगेच्या शेवटी भाची स्वतःच्या टाकीवरचा गोल बाहीनं पुसत होती. तिकडून साहेब दोन्ही हात हलवत पळत येत होते.

मागून कोण काय ओरडत होतं, ते मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी फडकं उलटं केलं आणि सहाव्या गाडीकडे गेले.