शिळ्या पाण्याची टाकी

सूर्यभानचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. टाक्या धुणाऱ्याला उशिरा उठून चालत नाही. शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं असतं, त्या दिवशी ते येण्याआधी टाकी रिकामी करून, घासून तयार ठेवावी लागते. नाहीतर घरमालकाचं पाणी वाया जातं आणि धुणाऱ्याचं नाव खराब होतं. म्हणून अंधारातच चहा टाकायचा, बायकोला, सखूबाईला, खाटेवर उठवून बसतं करायचं, पाठीशी उशी लावायची, कप हातात द्यायचा, आणि ब्रश, खराटा, बादली सायकलला बांधून पडेगावातून निघायचं, हा त्याचा नेम.

काम चोख होतं. टाकीत उतरला की तो कोपऱ्यापासून सुरुवात करी. मधून सुरुवात करणारा कोपरे सोडतो, असं त्याचं म्हणणं. धुऊन झालं की तळावर पांढरं फडकं फिरवायचं, आणि फडकं पांढरंच वर आलं तर मजुरी मागायची. एवढी वर्षं वाकून काढल्यानं पाठीला बाक आला होता, पण मळकी टाकी ठेवून तो कुणाच्या गच्चीवरून उतरला नव्हता.

सखूबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. चालायला लागल्यापासून ती जनावरांमागंच होती. लग्न होऊन पडेगावात दोन खोल्यांत आली तरी तिनं दारात शेळ्या ठेवल्या. त्यांना चारायला नेताना उतारावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. आत्ता चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही, असंही बजावलं.

पण सखूबाई उठेना. शेळ्या शेजारच्या पारूबाईच्या भावाकडे गावी पाठवाव्या लागल्या होत्या. चारायला कोण नेणार? दावणीची जागा मोकळी झाली आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडली. वॉकरवर ओला टॉवेल वाळत पडू लागला. सूर्यभान दिवसभर बाहेर असे, तेव्हा पारूबाई जेवू घालायची, वेणी घालायची, आणि उठत नाही म्हणून दोन शब्द सुनवायचीही.

"उठून जायचं कुठं?" सखूबाई एवढंच विचारायची.

एकदा गारखेड्यात सरिताताईंच्या घरी टाकी धुताना पाणी उपसायला वेळ लागत होता. ताईंनी त्याला चहाला खाली बोलावलं. दिवाणखान्यात काचेच्या मोठ्या टाकीत हिरवीगार झाडं पाण्यात हलत होती आणि त्यांच्यामधून मासे फिरत होते. सूर्यभान कप हातात धरून उभाच राहिला. चहावर साय आली. माशांचा थवा एका अंगाला वळला की सगळे वळत, जसं रान बदलताना जनावर वळतं. त्याला खाटेसमोरची भिंत आठवली.

ताईंच्या गच्चीत एक जुनी लहान काचपेटी पालथी पडून होती. त्यानं ती मागितली. आयुष्यात फुकट मागितलेली ती त्याची पहिली वस्तू असावी, कारण शब्द तोंडातून निघताना त्याचे कान लाल झाले. ताईंनी पेटी दिली, वर चादरीत गुंडाळून दिली. त्या दिवशी तो सायकल ताईंच्याच दारात ठेवून, रिक्षात पेटी मांडीवर घेऊन घरी आला. खड्डा आला की पेटी उचलून धरायची. घरी पोचेपर्यंत दंड भरून आले होते.

स्टँड, दिवा, पाणी गाळणारा फिल्टर, झाडं असं पुढचं सामान शहागंजातल्या हबीबभाईच्या दुकानातून आणलं. हबीबभाई माशांच्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस. त्यानं पद्धत नीट समजावली. पेटी आधी अंगणात भरून गळते का बघायची. खाली मातीचा पातळ थर, वर धुतलेली वाळू. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे माती ढवळत नाही. लांब पातीचं गवत वाळूत लावायचं. जावा फर्न नावाचं पाण्यातलं झाड मात्र पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. त्याचं खोड पुरलं की ते सडतं.

"और मामू, घाई नको," हबीबभाई म्हणाला. "महिनाभर नुसती झाडं. मछली बादमें."

सूर्यभाननं सगळं तसंच केलं. वाळू धुताना तर हद्द केली. पाणी नितळ झाल्यावरही त्यानं पुन्हा धुतली. स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखी आणली. मग खाटेसमोर पेटी बसवली आणि दिवा लावला. सखूबाईनं मान वळवून पाहिलं, गवत तेवढं बरं आहे म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली.

महिनाभर रिकामं पाणी बघून ही काय उठणार, असं सूर्यभानला वाटलं. दोन-चार दिवसांतच त्यानं एका गाड्यावरून तांबडे-निळे गपी मासे आणून सोडले. हबीबभाईकडे जायची हिंमत नव्हती, कारण तो नाही म्हणाला असता. मासे आले तशी सखूबाई कुशीवर वळली. हा काळ्या शेपटीचा दांडगा आहे, ती ल्हानगी मागं राहते, असं बोलू लागली. पारूबाईला हे कळलं तेव्हा ती दारातूनच हात जोडून गेली.

मग नळाला पाणी आलं.

पाणी आलं की आपल्याकडे काय होतं, ते सांगायला नको. शिळं ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. पाहुण्याला शिळं पाणी कुणी देत नाही. सूर्यभाननं नळाचं पहिलं, थंडगार पाणी माशांसाठी धरलं. मासे तांब्यात काढले. पेटी रिकामी करून चारी कोपरे घासले, फिल्टरचा स्पंज साबणानं धुतला, वाळू उपसून नळाखाली धरली, गवत पुन्हा लावलं. वरून फडकं फिरवलं, पांढरं निघालं. ताजं पाणी भरून मासे सोडले आणि कामाला गेला. घरातल्या माणसांच्या माठाआधी त्यानं माशांची पेटी भरली होती.

दुपारी परत आला तेव्हा मासे वर तरंगत होते. सखूबाई भिंतीकडे तोंड करून होती. जेवली नव्हती.

तो तसाच सायकल मारत शहागंजात गेला आणि गाड्यावरच्या खरेदीपासून साबणापर्यंत सगळं सांगून टाकलं. हबीबभाई रागावला नाही. त्यानं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. ताज्या नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, माणसाला चालते, माशाच्या कल्ल्यांना जाळते, हे सांगितलं. मग दुसरी गोष्ट सांगितली. माशांच्या घाणीचं विष होतं, आणि ते विष खाऊन टाकणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव स्पंजात, वाळूत, काचेवर हळूहळू राहायला येतात. त्यांना वस्ती करायला वेळ लागतो. म्हणून तर महिनाभर थांबायचं असतं.

"साबणानं तुम्ही मैल नाय काढला, मामू. पूरा गाँव उठा दिया."

मग त्यानं आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतला काळपट स्पंज बाटलीत पिळला. गढूळ, मातकट पाणी. झाकण लावून बाटली सूर्यभानच्या हातात दिली, त्यातले जीव वस्ती करतील म्हणून घरच्या पेटीत ओतायला सांगितलं. पैसे घेतले नाहीत. जन्मभर लोकांच्या घरातून गाळ बाहेर काढणारा माणूस गाळाची बाटली सदऱ्याच्या आत जपून घरी निघाला.

घरी आल्यावर त्यानं सखूबाईच्या पाठीला सगळं सांगितलं. तोंड तर तिनं फिरवलेलंच नव्हतं. बोलणं संपलं.

"मंजी कुरण उगवायच्या आदी मेंढरं सोडली तुम्ही," ती भिंतीला म्हणाली. "आन वरून कुरण नांगरून काढलं."

"व्हय."

"आता मला इचारल्याबिगर त्येच्यात बोट घालायचं नाय."

ही तिची पहिली अट. सूर्यभाननं मानली, आणि तिला विचारूनच बाटली पेटीत ओतली. दुसऱ्या दिवसापासून पेटीची धनीण ती. तिच्या सांगण्यावरून पेटी खिडकीपासून जरा सरकवली, कारण उन्हानं पाण्यावर शेवाळ धरू लागलं होतं. पाणी बदलायचं ते थोडंच, आणि तेही पावडर उडून जावी म्हणून आदल्या दिवसापासून उघड्या ड्रममध्ये ठेवलेलं. पिवळं पान दिसलं की ती खाटेवरून बोट दाखवी आणि तो ते खुडी. मासे नव्हते तरी ती आता पेटीकडे तोंड करून झोपू लागली. गवताला बाजूनं धुमारे फुटले, तेव्हा तिनं पारूबाईला हाक मारून दाखवले. पारूबाई म्हणाली, गवतासाठी एवढा थाट करणारं घर तिनं पाहिलं नव्हतं. सखूबाई म्हणाली, तुझ्या घरी गवत तरी कुठंय.

पुन्हा पाणी आलं. बाहेर मोटर सुरू, गल्लीभर बादल्यांचा आवाज. ड्रम भरत आला तेव्हा सूर्यभानची नजर पेटीवर गेली. काचेवर आतून हिरवट पापुद्रा आला होता. हातात ओला ब्रश होताच. तो पुढं झाला. नुसता कोपरा, एवढंच त्याच्या मनात होतं. हात त्याचे, सवय त्यांची.

सखूबाईनं खाटेवरून हाक मारली. मोटरच्या आवाजात त्याला ऐकू आली नाही. तिनं दुसऱ्यांदा मारली. त्यानं बाही वर सारली.

मग त्याचं मनगट धरलं गेलं. त्यानं वळून पाहिलं. एका हातानं वॉकर, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट, टॉवेल खाली पडलेला, कपाळावर घाम, आणि सखूबाई आपल्या दोन पायांवर उभी.

"ठिवा त्यो ब्रश," ती म्हणाली.

त्यानं ब्रश खाली ठेवला. उठलीस असं तो म्हणाला नाही. म्हटलं असतं तर ती खाली बसली असती, एवढी तिची ओळख त्याला होती. त्यानं फक्त पाठीमागून हात दिला. पेटीसमोर उभं राहून तिनं पहिल्यांदाच ती जवळून पाहिली. तिच्या पायाला कापरं भरलं होतं, तरी ती लगेच वळली नाही. तो मात्र मोटर बंद करायला म्हणून बाहेर गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सरिताताईंना, हबीबभाईला, दवाखान्यातल्या डॉक्टरांना, पारूबाईला, सगळ्यांना त्यानं मनातल्या मनात नमस्कार केला. तिकडे ड्रम भरून पाणी वाहत होतं. वाहत्या पाण्याकडे त्यानं दुर्लक्ष केलं, असं आजवर झालं नव्हतं.

त्यानंतर ती रोज उठे. आधी खाट ते पेटी, मग पेटी ते दार, मग पारूबाईचा ओटा. दुखायचं. दात खाऊन चालायची, शिव्याही द्यायची, पण चालायची.

हबीबभाईनं दुकानात मागवलेलं पेटीचं पाणी तपासून आता मासे सोडा म्हणून निरोप दिला, त्याच दिवशी चितेगावच्या एका कारखान्यातली मोठी टाकी धुवायचं काम सूर्यभानला मिळालं. अंगावर येणारं काम. शिडीनं आत उतरायचं, गाळ बादलीनं वर द्यायचा, पुन्हा उतरायचं. संध्याकाळी मूठ मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सखूबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि शहागंजात स्वतः येणार म्हणाली. तुम्हाला जनावर पारखता येत नाही, हे तिचं कारण. दुकानात हबीबभाईनं खुर्ची दिली, ती बसली नाही. वॉकरला धरून टाकीसमोर वाकली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग बोट दाखवू लागली. शेपूट मिटून कोपऱ्यात बसलेला नको. खाणं टाकलं की धावत येतो, तो पाहिजे. रंगावर जाऊ नका, पोट बघा. हबीबभाईनं जाळी तिच्या बोटामागं फिरवली.

चितेगावच्या त्या मजुरीतून रिक्षाचं जाण्या-येण्याचं भाडं झालं, आणि सखूबाईनं उभं राहून निवडलेले पिशवीभर मासे आले.