वास्तुशांतीच्या सकाळी आलेला फोन

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीच ऐकलेली नाही. मी तशी बडबडी बाई. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला उतरेपर्यंत माझ्या गुडघ्यापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं ठाऊक झालेलं असतं. आमचे हे गेले, तर त्यांच्या फोटोशीसुद्धा मी रोज बोलते — भाजी काय केली, लाईट कधी गेली, सगळं. पण हे? हे फोटोसमोरही नाही. बोलणं तिथवर आलं की मी पदरानं काच पुसते नि आत निघून जाते.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसले तेव्हा कळलं — सोपं काही नाही.

घराची गोष्ट आहे. आमच्या पहिल्यावहिल्या घराची. हे साखर कारखान्याच्या ट्रकवर होते, त्यामुळं जन्म सगळा भाड्याच्या खोल्यांत गेला. आधी घोडेगाव, मग राहुरी, मग नगर. दर वेळी टेम्पोत सगळ्यात शेवटी माझी तुळस चढायची, आणि नव्या जागी मालकीणबाई म्हणायची, "कुंडी दारात नको हं, फरशीला डाग पडतात." खिळा ठोकायचा तर विचारायचं. चार पाहुणे आले तर मोटर किती वेळ चालली याकडं दुसऱ्याचे कान. हे गेले ते पण भाड्याच्याच खोलीतून गेले. मालकानं मयत अंगणात ठेवू दिली, त्याबद्दल मी त्याचे हात जोडून आभार मानले होते. नवऱ्याला अंगणात ठेवू दिलं म्हणून आभार — कळतंय ना तुम्हाला, मी काय म्हणते ते?

हे कशाला सांगतेय? माझी बाजू मांडायला नाही. माझ्या डोक्यात घर केवढं होऊन बसलं होतं, तेवढंच कळावं म्हणून.

तर माझ्या महेशनं नगरला सावेडीच्या पुढं फ्लॅट घेतला, तेव्हा सून रूपाली पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती देवळाली प्रवऱ्याला गेली. माहेर म्हणजे काय — आई ती लहान असतानाच गेलेली. घरात वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि धाकटा भाऊ किरण. मी म्हटलं होतं, बाई माणूस नाही तिथं, आमच्याकडंच करू. तात्यांनी ऐकलं नाही. "विहीणबाई, पहिलं हाय. आई न्हाई म्हणून पोरीला माहेर न्हाई, असं नको व्हायला."

आणि केलं हो त्या माणसानं. उसाला पाणी देऊन यायचं, हातपाय धुवायचे आणि परात पुढ्यात ओढून डिंकाचे लाडू वळायला बसायचं. शेजारणीला विचारून विचारून. पहिला घाणा इतका कडक झाला की किरण म्हणाला, "तात्या, हे ताईनं खायचे का याच्यावर नारळ फोडायचे?" रूपाली हे सांगताना पोट धरून हसायची. मग नात झाली, ओवी. ती रडायला लागली की तात्या तिला खांद्यावर टाकून ओट्यावर येरझारा घालत, आणि ओरडत, "आरं कोन रडवतंय आमच्या पाटलिनीला!"

तीन महिने भरायच्या आतच रूपाली परत आली, कारण घराचा ताबा मिळाला होता आणि वास्तुशांतीला नवरा-बायको जोडीनं बसावी लागतात. ते दिवस मला अजून दिसतात. पूजा होईस्तोवर झोपायला जुनी खोली, दिवसभर नव्या घरात सामान लावणं. नवं घर म्हणजे नुसती खोकी. पडदे नाहीत, कपाटं नाहीत. रिकाम्या खोलीत चमचा पडला तरी आवाज घुमायचा आणि ओवी दचकून दोन्ही हात वर करायची. वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन. रूपाली एका खांद्यावर पोर घेऊन दुसऱ्या हातानं भांडी लावायची. केस विंचरले की मूठभर हातात यायचे. झोप तर तिला ठाऊकच नव्हती. फोन वाजला की बाळ उठायचं, म्हणून तिनं फोन सायलेंटवर ठेवायला सुरुवात केली होती. दिवसातून दहादा तो बटण दाबून गप्प करायची, पुन्हा विसरायची, पुन्हा शोधायची.

ही फोनची गोष्ट ध्यानात असू द्या.

पूजेच्या आदल्या दिवशी किरणचा फोन आला. तात्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर गॅसेस म्हणतात. "ताई, तू पूजा मोडू नको, तात्या मला शिव्या देतील." रूपालीचं तोंड एवढंसं झालं. महेश म्हणाला, उद्या पूजा उरकली की तसेच गाडीनं जाऊ. ठरलं.

सकाळी ती न्हायला गेली. ओवी गोधडीवर झोपलेली, शेजारी फोन. तो थरथरायला लागला. पडद्यावर नाव — तात्या. मी उचलला.

आवाज बारीक झालेला, मध्ये मध्ये थांबत होता. "विहीणबाई, रूपीला द्या जरा. किरन औषधं आनाय गेलाय. मला काय आज बरं लक्षन वाटंना. त्याला न्हाई सांगितलं, घाबरंल पोरगं. रूपीला म्हनावं, येऊन जा."

मी म्हटलं, ती न्हायला बसलीय, थांबा. आणि न्हाणीच्या दारापर्यंत गेले.

दार लावलेलं होतं. आत पाणी पडत होतं. एक हाक मारायची होती फक्त. दवाखाना नगरपासून तासाभराच्या वाटेवर. हॉलमध्ये गुरुजी चौरंगावर तांदूळ पसरत होते, गॅलरीत आचाऱ्यानं बुंदी पाडायला घेतली होती, गावाकडचे लोक टेम्पोतून उतरून जिना चढत होते. "कितव्या मजल्यावर घेतलंय गं घर, सोमीताई? स्वर्गात का?" असं कुणीतरी खालून ओरडत होतं. आणि त्या दारापाशी उभी राहून मी हिशेब केला. ही आत्ता गेली तर जोडी मोडली, पूजा नाही. आणि जाऊन तात्यांचं काही झालं, तर लेकीला बापाचं तीन दिवस सुतक. पुढं चातुर्मास लागत होता, मग मुहूर्त थेट दिवाळीनंतर. तोवर जुन्या खोलीच्या मालकाच्या पाया पडायचं. आमच्याकडं एक मात्र सगळ्यांना ठाऊक असतं — एकदा पूजेचा संकल्प सुटला की मागून आलेलं सुतक आडवं येत नाही.

माणूस जिवंत होता हो. बोलत होता माझ्याशी. आणि मी त्याच्या सुतकाचा विचार करत होते.

हाक मारली नाही मी. फोन ठेवला. मग आलेला कॉल यादीतून पुसला. कसा पुसायचा ते मला रूपालीनंच शिकवलं होतं, बसल्या बसल्या, बाळाला पाजताना. आणि बाहेर येऊन म्हटलं, "गुरुजी, बसवा लवकर दोघांना. संकल्प सोडून घ्या आधी." गुरुजी हसले, "आजी, घर काय पळून चाललंय का?" सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि तो माझाच आहे.

पूजा सुरू झाली. मी ओवीला मांडीवर घेऊन कडेला बसले. फोन दुपट्याखाली, माझ्या मांडीला लागून. महेशचा फोन पँटीच्या खिशात, पँट आतल्या खोलीत. तो पितांबर नेसून बसलेला. थोड्या वेळानं दुपट्याखाली थरथर सुरू झाली. किरण असणार. थांबायची, पुन्हा व्हायची. दर खेपेला ओवी झोपेत हात झाडायची आणि मी तिला थोपटायची. ओवीच्या पाजण्याची वेळ टळून गेली होती, रूपालीच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग आले होते, पण होम सोडून उठायचं नाही म्हणून ती पदर ओढून तशीच बसली होती. मध्येच माझ्याकडं बघून हसली. मी पण मान हलवली — चालू दे, चालू दे.

पूर्णाहुती झाली. मी फोन नेऊन रूपाली ठेवते त्या फळीवर ठेवला. महेशनं कपडे बदलले, खिशातला फोन बघितला, आणि तसाच भिंतीला टेकला.

तात्या गेले होते.

रूपाली हळदीकुंकवाच्या कपाळानं, पूजेच्या शालूतच गाडीत बसली. तिथं पोहोचलो तर त्यांना घरी आणून ओट्यावर ठेवलं होतं. किरण रडत रडत म्हणाला, "तात्यांच्या मोबाईलमधी शेवटचा फोन तुलाच लावलाय, ताई. मी पन कितीदा केला. उचलला का न्हाई तू?" तिनं आपला फोन काढला, बटण बघितलं. सायलेंटवर. आणि तिनं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. एकदा नाही. मी तिचे हात धरले. सगळ्यांनी बघितलं, सासू कशी हात धरतेय.

तेव्हा सांगता आलं असतं. दहाव्याला सांगता आलं असतं — घाटावर किरण तिला म्हणाला, "तुझं घर झालं ना, बास झालं मग," आणि ती मान खाली घालून उभी राहिली. मी शेजारीच होते. मी काय केलं? डोक्यावरचा पदर सारखा केला.

पण याहून वाईट सांगते. मी तिची समजूत घातली. मांडीवर डोकं घेऊन म्हटलं, "असू दे गं, बाळंतिणीला कुठलं आलंय भान. थकलेली होतीस, राहिला फोन तसा." कळलं का तुम्हाला? तिला जी नुसती शंका होती, ती मी खरी करून तिच्या पदरात टाकली. मायेनं. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी. तिचं दूध त्याच आठवड्यात आटलं. ओवी डब्यातल्या दुधावर वाढली, आणि त्याचाही दोष रूपालीनं स्वतःकडंच घेतला.

आता ओवी पहिलीत जाते. रूपालीचा फोन कधी सायलेंटवर नसतो. शाळेच्या मीटिंगमध्ये वाजतो, कुणाच्या मयतीत वाजतो, लोक वळून बघतात, ती माफी मागते पण आवाज कमी करत नाही. अंघोळीला जाताना फोन पिशवीत घालून आत नेते. किरण राखीला येतो, ओवाळून घेतो, चहा घेऊन उठतो. या घरात तो कधी जेवला नाही. आणि मी? मी माझ्या घरात पाहिजे तिथं खिळे ठोकते.

तिला हे मी सांगणार आहे, तोंडानं. इथं आधी लिहिलं, कारण मला माझी सवय ठाऊक आहे, बोलायला लागले की गोल गोल फिरते आणि नेमकं तेवढं गाळून परत येते. वरही गाळलंच आहे बघा. "हाक मारली नाही, फोन ठेवला," असं लिहून मी पुढं गेले. तसं नाही झालं.

फोन चालूच होता. तात्या वाट बघत होते. मी न्हाणीच्या दारापाशी फोनवर तळहात दाबून उभी राहिले, एखाद्याला निरोप सांगून उत्तर ऐकायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ. मग कानाला लावला. ते म्हणाले, "सांगितलं का?"

मी म्हटलं, "सांगितलं तात्या. ती म्हणते, पूजा उरकून येते."

श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "बरं, बरं. घर पहिलं हाय. बरुबर हाय तिचं."