कीव नाही, साडी घे

नलूआत्याच्या दुकानात साडी घ्यायला गेलं की साडी लगेच दिसत नसे. ती आधी विचारी, "मुलगी कोण?" मग मुलीचं नाव, ती शिकली किती, लग्न कुठे, मामा किती, त्यातला साडी देणारा कोणता. एवढं सगळं झाल्यावर ती कपाटाची किल्ली शोधायला लागे. गिऱ्हाईक घाईत आहे असं दिसलं की चौकशी आणखी लांबे. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "आजी, साडी विकताय की स्थळ बघताय?" आत्या म्हणाली, "स्थळ तर तुम्हीच पाहिलं. चांगलं आहे ना, तेवढंच पाहून राहिली."

तिच्याकडे मुख्यतः एकच माल असे, अष्टपुत्री. लग्नात नवरी गौरीहर पुजायला बसते तेव्हा नेसते ती पिवळी, लाल काठाची सुती नऊवारी. ही साडी नवरीच्या मामानं आणायची असते. जबलपूरमध्ये बनारसी मिळते, चंदेरी मिळते, पण खरी अष्टपुत्री मिळायची ती दीक्षितपुऱ्यातल्या आत्याच्या त्या भाड्याच्या खोलीत. विदर्भातला एक विणकर तिच्यासाठी विणत असे. तो गेला, त्याच्या मुलांनी माग विकला, आणि आत्याकडे कपाटातल्या होत्या तेवढ्याच साड्या उरल्या. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. ते कपाट म्हणजेच तिचं म्हातारपण होतं. शहरातल्या मराठी घरांत तिला नलिनीबाई म्हणून मान होता, तो त्या कपाटामुळे.

मी तिच्या भावाची मुलगी. शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी थकून तिच्याकडे चहाला टेकायचे. माझी मुलगी ऋचा हिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिनं हौसेनं आत्याच्या दुकानाचं एक पान फोनवर उघडून दिलं होतं. दुकानाची पाटी, साड्या, आणि साडीचा काठ उलगडून दाखवणारे आत्याचे हात, असे फोटो तिनं त्यावर टाकले. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. तिथून सगळा घोळ सुरू झाला.

कोणीतरी ते फोटो उचलले, आत्याच्याच दुकानाचं नाव लावलं आणि दुसरं पान उघडलं. साडी निम्म्या भावात, घरपोच. आम्हाला कळलं ते कटनीचे एक मामा पुडकं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा. पुडक्यात पिवळ्या पडद्याचं कापड होतं, त्याला लाल रिबीन चिकटवलेली. भाचीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. गृहस्थ चांगले नोकरदार होते, चष्मा पुसत खाली बघून बोलत होते. आत्यानं विचारलं, न पाहता, न विचारता पैसे टाकलेच कसे? ते म्हणाले, "तो मराठीत बोलला हो. नमस्कार मामा म्हणाला. मला वाटलं, आपलाच माणूस आहे."

हे बाहेरच्यांना कळणार नाही. पुण्यात कोणी मराठीत नमस्कार घातला म्हणून कोणी खिशात हात घालत नाही. पण आमच्याकडे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं आयुष्य हिंदीत चालतं. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या मंडपात. अशात परका आवाज फोनवर "काय मामा, बरे आहात ना" म्हणाला की आमची माणसं विरघळतात. त्या चोरानं आमची नस बरोबर पकडली होती.

मला त्या मामांची फार दया आली. मी त्यांना पाणी दिलं, म्हटलं, तुमची काही चूक नाही, आजकाल कोणीही फसतं. आत्या मात्र कडाडली. बावळट आहात का, एवढं शिकून अक्कल गहाण टाकली का, मराठी बोलणारा चोर नसतो असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे. ते गृहस्थ लाल झाले. मग आत्या उठली, किल्ली शोधली आणि विचारलं, "मुलगी कोण?" आणि त्यांना साडी देऊन टाकली. ते पैसे काढायला लागले तर म्हणाली, "एकदा दिले ना? मग चला, गाडी चुकेल."

ते गेल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आपण फसवलं नाही, आपल्याकडे पैसे आले नाहीत, मग भरपाई आपण काहून करायची? तिचं विदर्भाकडचं मराठी माझ्या तोंडात भांडताना हमखास येतं. शिवाय असं फुकट बदलून द्यायला लागलो तर लोक पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवतील का? आत्या शांतपणे सुपारी कातरत होती. म्हणाली, "तू त्याला बिचारा म्हटलं. फुकटच असते ते. मला नाही त्याची कीव येऊन राहिली. गाढवपणा केला त्यानं. पण त्या पोरीनं काय केलं? ती पडदा नेसून गौरीहर पुजणार का?"

मी म्हटलं, मग दोन्ही कर, साडीही दे आणि दोन शब्द गोडही बोल. ती म्हणाली, "गोड बोलली तर तो पुन्हा फसेल. ओरडली तर घरी जाऊन बायकोला सांगेल, त्या म्हातारीनं माझी इज्जत काढली. मग लक्षात राहील." तिचं हे तर्कशास्त्र मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर पूर्ण आजही पटत नाही.

मग रांगच लागली म्हणा. सिवनीच्या मामी आल्या, नरसिंहपूरचे दोघे भाऊ आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. माझा तर जीव मेटाकुटीला आला. शाळेतून यावं तर दारात कोणीतरी पुडकं छातीशी धरून बसलेलं. पहिल्या मामांच्या वेळी आलेली माझी दया केव्हाच आटली होती. पाचवा माणूस तेच रडगाणं गातो तेव्हा आपण तोंडानं अरेरे म्हणतो आणि मनात म्हणतो, बाबा, आता पुरे. आत्या मात्र प्रत्येकावर पहिल्यासारखीच नव्यानं ओरडे आणि प्रत्येकाला तशीच साडी देई. तिला लबाडही भेटले. एक जण असाच एक फाटका कपडा घेऊन आला. भाचीचं नाव विचारल्यावर छताकडे बघायला लागला. आत्या म्हणाली, "भैया, पहले भानजी पैदा करो, फिर आना." तो गेला तो गेलाच.

पोलीस ठाण्यातही आम्ही गेलो. तिथल्या हवालदारानं नीट ऐकून घेतलं, तक्रार कशी नोंदवायची ते समजावलं. मग सहज म्हणाला, "अम्मा, पैसा तो उन लोगों का गया. आपका क्या गया?" आत्या म्हणाली, "फोटू में हाथ तो मेरे हैं." त्यानं कागद पुढे ओढला. तक्रार नोंदली गेली, ते पान बंद झालं आणि दुसऱ्या नावानं पुन्हा उघडलं.

कपाट रिकामं होत चाललं होतं. शेवटी एकच साडी राहिली. ती वरच्या खणात मलमलच्या कापडात गुंडाळलेली होती आणि ती विकायची नव्हती. ती ऋचाची. ऋचाचं लग्न ठरलं होतं आणि माझ्या भावानं, म्हणजे तिच्या मामानं, आत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या भाचीची तूच काढून ठेव. त्या विणकराच्या हातची ती शेवटची. आत्या अधूनमधून ती उन्हात घाली आणि आम्हाला हात लावू देत नसे.

लग्नाला महिना असताना बालाघाटचे एक मामा आले. त्यांच्या भाचीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. शर्ट घामानं भिजलेला. त्या पोरीला आईवडील नव्हते, यांनीच वाढवलेली. आत्या त्यांच्यावर यथेच्छ ओरडली आणि मग वरच्या खणाकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनी नाही म्हणत होते. ती माझ्याकडे न बघता उठली, वरचा खण उघडला आणि मलमलसकट ती साडी त्यांच्या हातात ठेवली.

मी चहा न पिताच निघाले. पुढचे आठ-दहा दिवस गेलेच नाही. माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढून परक्याला दिला, असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. ऋचा मला म्हणाली, "मम्मी, जाने दो ना, साड़ी ही तो है." तिला काय सांगणार?

शेवटी रविवारी दुपारी गेले. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं. आत्या आत जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर एक उघडं पुडकं होतं. पिवळं, चकचकीत, प्लॅस्टिकसारखं कापड. मला क्षणभर वाटलं, आणखी कोणी येऊन गेलं. मग तिचं तोंड पाहिलं आणि कळलं. ऋचासाठी तिनं स्वतःच कुठेतरी फोनवर साडी मागवली होती. पलीकडचा माणूस वर्ध्याकडचं बोलत होता म्हणे. अगदी आपल्या घरच्या माणसांसारखं. मागावरची आहे आत्याबाई, असं म्हणाला होता. आत्याबाई.

मी तिच्याजवळ बसले. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे आत्या, होतं असं, वय झालं आता, तुझी काही चूक नाही. अगदी प्रेमानं म्हटलं. तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

बातमी गल्लीत पसरली. शेजारणी आल्या, गणपती मंडळातल्या बायका आल्या. "बेचारी बुआजी" असं म्हणत सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. कोणी डबा आणला, कोणी फोन कसा वापरायचा ते मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं समजावून गेलं. आत्या सगळ्यांना हो हो म्हणत होती. दुकान उघडेना. जेवण निम्म्यावर आलं. मुलगी कोण, हे विचारणारी बाई आता कोण आलं गेलं तेही विचारत नव्हती. मी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी शक्तीची औषधं दिली. मला वाटलं, ऋचाचं लग्न हिला पाहायला मिळतं की नाही.

एक दिवस मी तिला वरणभात भरवायला लागले. तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "वर्षा, तू माझ्यावर ओरडली काहून नाही?"

मी म्हटलं, अगं, कशाला ओरडू?

"त्या बालाघाटवाल्यावर मी ओरडली. कटनीवाल्यावर ओरडली. ते धडधाकट होते, शिकले असते. माझ्यावर कोणी ओरडून नाही राहिलं. सगळे बिचारी म्हणतात. म्हणजे आता मी काही शिकणार नाही, असंच ना?"

ताट खाली ठेवलं मी. इतक्या दिवसांचा शीण, ती साडी, ते दारातले सगळे मामा, सगळं एकदम वर आलं. मग ओरडले. मनापासून ओरडले. म्हटलं, लाज नाही वाटत, जगाला शहाणपण शिकवतेस आणि स्वतः गोड आवाजाला भुलतेस? मराठी बोलणारा चोर नसतो असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे? ऋचाची साडी मला न विचारता देऊन टाकलीस, वर पडदा विकत घेतलास. बावळट आहेस तू, आत्या. एक नंबरची बावळट.

माझा आवाज रस्त्यावर गेला असणार. समोरच्या बाई खिडकीत आल्या. आत्या ऐकत होती आणि हळूहळू ताठ होत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "झालं? आता माझं ऐक. तुझ्या लेकीच्या लग्नाला मामाची साडी नाही आणि तू वरणभात भरवून राहिली. चल, उठ." त्याच संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. साधी पिवळी सुती नऊवारी घेतली. आत्यानं तिला लाल काठ हातानं लावला, रोज थोडा, आणि रोज त्या कापडाला नावं ठेवली. माझा भाऊ आला तेव्हा तिनं ती त्याच्या हातात दिली आणि त्यानं ऋचाला. ऋचा ती नेसून गौरीहराशी बसली. काठ एका जागी वाकडा होता. आत्या समोर बसून त्या जागेकडेच बघत होती.

त्यानंतर ती एक पावसाळा जगली. दुकान तिनं पुन्हा उघडलं होतं, काठ लावलेल्या साड्या विकायला. फसलेले लोक तेव्हाही येत. ती त्यांच्यावर ओरडे आणि काठाची साडी देई. पौषात, दुपारची झोपली ती उठली नाही.

तेराव्याला बरीच माणसं आली. मंडळातल्या एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बिचाऱ्या नलिनीबाई. दुसऱ्यांचं निस्तरत राहिल्या आणि शेवटी स्वतःच फसल्या हो."

मी खूप थकले होते आणि भांडायचं त्राण अंगात नव्हतं. तरी म्हटलं, "फसली. तिच्या चुकीनं फसली. बिचारी मात्र म्हणू नका."

त्या बाई दुखावल्या. मी त्यांच्या पानात आणखी एक लाडू वाढला.