दसऱ्यासाठी धुतलेली डाय

देवळाली प्रवराच्या शिवारात आमची पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही नवरा-बायको लाकडाच्या भुश्याचे पेलेट बनवतो. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या. बॉयलरमध्ये त्या कोळशाऐवजी जळतात. आमचा जवळजवळ सगळा माल एकाच दूध डेअरीला जातो. ते गिऱ्हाईक गेलं की शेडला कुलूप, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

भेटेल तो विचारतो, भुसाच तर आहे, एवढा महाग कसा? मला या प्रश्नाचा राग येतो. भुसा फुकट होता तो काळ गेला. सुरुवातीला सॉ मिलवाले घेऊन जा म्हणून मागे लागायचे, तेवढीच त्यांची जागा मोकळी व्हायची. आम्ही चार खेपा काय केल्या, तोच भुसा त्यांना माल दिसायला लागला. पावसाळ्यात तो ओला येतो, म्हणजे वजनात पाण्याचेही पैसे द्या आणि तेच पाणी उडवायला पुन्हा ड्रायर चालवा. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर, ट्रॉल्या सगळ्या कारखान्याच्या वाटेला. मग टेम्पोवाल्याच्या तोंडाला येईल ते भाडं. विजेच्या बिलाचं तर बोलायलाच नको.

आणि या सगळ्यावर डाय. भोकं पाडलेली ती पोलादाची जाड थाळी. भुसा त्या भोकांतून दाबला जातो आणि खालून कांड्या पडतात. डाय झिजते, बदलावी लागते, आणि ती गुजरातेतून येते. तिचं एक पथ्य आहे. मशीन बंद करायच्या आधी तेलात कालवलेला भुसा आत सोडायचा आणि भोकं त्यानेच भरून ठेवायची. दिसायला ती घाण दिसते, पण तीच डायचं गंजापासून रक्षण करते.

हे सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन दुसऱ्या दिवशी पुजायची रीत आहे. त्या दिवशी नवऱ्याने मशीनचं झाकण काढून ठेवलं आणि आम्ही दोघं झेंडूची फुलं आणायला राहुरीला गेलो. परत आलो तर सासूबाई पदर खोचून मशीनपाशी बसलेल्या. दाभणाने एकेक भोक मोकळं केलं होतं, वर गरम पाणी आणि सोडा. डाय नव्या ताटासारखी चकचकत होती. घाम पुसत त्या कौतुकाने म्हणाल्या, किती मळ धरला होता बाई. नवऱ्याने घाईघाईने तेल ओतलं, पण आत गेलेलं पाणी काही निघालं नाही.

दसरा झाला, मशीन सुरू केलं आणि भुसा भोकांत अडकून विटेसारखा घट्ट बसला. धूर निघाला, मोटर ट्रिप झाली. आतून गंज धरला होता. ड्रिलने भोकं उघडता उघडता डायला तडा गेला. नवऱ्याने डोक्याला हात लावला. मी सासूबाईंशी दोन दिवस धड बोलले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो राग करावा असं त्यांनी काही केलंही नव्हतं, याचा वेगळा राग.

नवी डाय आली तशी आम्ही डेअरीला भाववाढ कळवली. तिथले खरेदी बघणारे साहेब स्वतः शेडवर आले. भाव परवडला नाही तर पुन्हा कोळसा घेऊ, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. नवऱ्याने ठरल्याप्रमाणे, डायचं नाव न काढता, सुरू केलं. परतीचा पाऊस लांबला, भुसा ओला येतोय, ड्रायर दुप्पट चालवावा लागतोय. साहेब मान डोलवत होते. बहुतेक कबूल होणार असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "भुसा काय वला न्हाई सायेब. मी मशीन धुतलं, त्यात डाय गेली."

साहेबांनी कप घेतला, चहा पूर्ण प्यायले आणि मग शांतपणे बोलले, "भुसा ओला असता तर सगळ्यांचेच भाव वाढले असते, मी दिला असता. डाय फक्त तुमची गेली. ती मी कशी भरून देऊ?" माल नेहमीसारखा पाठवा, भाव जुनाच, एवढं सांगून ते गेले. वाईट बोलले नाहीत. बरोबरच बोलले, म्हणून जास्त झोंबलं.

गाडी गेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, गिऱ्हाईक राहिलं का? मी म्हटलं, राहिलं, पण डाय आपल्या अंगावर पडली. हे मी मुद्दाम लागेल असं म्हटलं.

"मग पडंना का," त्या म्हणाल्या. "धुतलं मी, आन् पैसं त्यांनी का द्यायचं?"

त्यांनी कप गोळा केले आणि आत गेल्या. नवरा उठला आणि त्याने मशीन सुरू केलं.