पांढरं कुठे आहे ते दाखवा

मुलगी झाली त्याच महिन्यात मी कॅमेरा घेतला होता. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवे लावावे लागत, त्यामुळे तिचे पहिले फोटो सगळे बल्बखालचे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या दोन फाइली देई. एकीत रंग, उजेड तो स्वतःच ठरवी. दुसरी रॉ, म्हणजे कच्ची; तिचं काय करायचं ते आपण कॉम्प्युटरवर ठरवायचं. मी सॉफ्टवेअरवाला. कॅमेऱ्याने माझ्या वतीने काही ठरवावं, हेच मला कमीपणाचं वाटे.

ती चार दिवसांची असताना संध्याकाळी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि माझा पार गोंधळ उडाला. कॅमेऱ्याच्या फोटोत मुलगी गुलाबी. कच्च्या फोटोत तीच मुलगी पिवळट, दुपट्यासकट. मुलगी एक, क्षण एक, मग खरी कुठली? पाळण्यात डोकावून आलो. तिथेही बल्बच. काही कळेना.

बायको मागे येऊन उभी राहिली. "अरे, ही खरंच पिवळी दिसतेय. सकाळपासून फीडसुद्धा नीट घेत नाहीये. मिडवाइफला फोन करूया का?"

"तुला कावीळ झालीय, म्हणून जग पिवळं दिसतंय," मी चेष्टेत म्हणालो. "बल्बचा रंग आहे तो. कॅमेरा तो आपोआप काढतो, कॉम्प्युटरला सांगावं लागतं. थांब, दाखवतो."

प्रोग्रॅममध्ये एक ड्रॉपर होता. फोटोतल्या एखाद्या पांढऱ्या जागेवर तो टेकवायचा, की बाकीचे रंग त्या हिशेबाने सुधारत. मी पांढरं शोधू लागलो. दुपटं आईने जुन्या साड्यांचं शिवून पाठवलेलं, त्यात पांढरं नावाला नाही. झबलं लिंबाच्या रंगाचं. पण त्या फोटोत तिने नेमके डोळे उघडले होते. मी फोटो मोठा केला आणि बुबुळाशेजारच्या पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवला.

पिवळेपणा गेला. मुलगी कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षाही गुलाबी झाली. बायको बराच वेळ पाहत राहिली, मग "बरं" म्हणून आत जाऊन पडली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिडवाइफ, म्हणजे बाळ-बाळंतिणीला घरी येऊन तपासणारी नर्स, ठरल्याप्रमाणे आली. तिने मुलीला उचलून थेट खिडकीशी नेलं, पडदा सारला, कपाळावर बोट दाबून सोडलं. मग हलकेच पापणी वर केली आणि मला जवळ बोलावलं. बाहेरच्या ढगाळ उजेडात डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता. मी कॉम्प्युटरला पांढरा म्हणून दाखवला होता, तोच.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ दोन दिवसांत उतरेल, आणि तशी ती उतरलीही. पण त्या काचेसमोर बसून माझ्या डोक्यात एकच घोळ चालला होता. कच्च्या फोटोतलं पिवळं किती बल्बचं होतं आणि किती तिचं? कॅमेऱ्याने बल्बबरोबर तिचंही काढून टाकलं होतं का? आजही मला ते वेगळं करता येत नाही.

तिथेच मी हे सगळं बायकोला समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. आवाजही चढवला नाही.

"काल तू फोटो दाखवलास," ती म्हणाली, "म्हणून मी फोन केला नाही."