गाडीशी बोलणारे भासरे

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी बोलत नसत. जे काही सांगायचं असेल ते आपल्या पिकअप गाडीला सांगत. सकाळी अंगणात उभे राहून, बोनटवर हात ठेवून, घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "गाडी व, आज दवाखान्यात जाचं हाय. नऊ वाजता निघू. चहा-पोळी खाऊन तयार राहावं माणसानं." आता गाडी कुठली चहा-पोळी खाते! मी आतून म्हणायची, "गाडीला म्हणावं, माझं आवरलंय."

मी यवतमाळ शहरातली, कारकुनाची मुलगी. आमच्या घरी बापाशीसुद्धा वाद घालायची मुभा होती. लग्न होऊन मारेगावच्या पुढच्या, झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आले आणि कळलं की नवऱ्याच्या मोठ्या भावाशी सुनेनं तोंडावर बोलायचं नसतं. ते आले की डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्यांना हाकही मारायची नाही. मला सुरुवातीला असा राग यायचा! नवरा दूरच्या शाळेवर मास्तर, शनिवारी घरी येणार. त्याच्यापुढे तणतण केली की तो नुसता हसायचा. शेवटी जाऊबाईंनीच समजूत घातली. म्हणाल्या, "अवं, लग्न झालं तवा ते माह्याशी बी बैलामार्फत बोलत. तुह्या वक्ताले निदान गाडी तरी हाय."

त्या गाडीवर त्यांचा जीव. कापसाच्या दिवसांत गावातल्या निम्म्या घरांचा कापूस तीच जिनिंगवर न्यायची. वजन पेलावं म्हणून त्यांनी मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जास्तीचा पाटा घालून घेतला होता. त्यामुळे भरलेली गाडी ठाकठीक दिसे, पण रिकामी झाली की मागचा भाग उंच आणि नाक जमिनीकडे. गावातली माणसं चिडवत, "भाऊ, तुमची गाडी नव्या नवरीवानी खाली पाहून चालते जी." भासरे म्हणत, "खानदानी हाय ते." कुणी कितीही टिंगल करो, गाडीच्या बाबतीत त्यांना राग म्हणून यायचा नाही.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीला मी त्याच गाडीतून जायची. नाक खाली असल्यानं सीटवर बसलेलं माणूस सारखं पुढे घसरायचं. मी डॅशबोर्डला हात लावून, पाय रोवून बसायची. पाचव्या महिन्यात एकदा परत येताना पोटात कळ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की यात रस्त्याचा काही दोष नाही, गाडीचाही नाही, हे असं व्हायचंच होतं. सगळ्यांनी ते ऐकलं. भासऱ्यांनीही ऐकलं, मान हलवली, आणि त्यातला एक शब्द मानला नाही. कितीतरी दिवस ते गाडीशीसुद्धा बोलले नाहीत. गुपचूप किल्ली घ्यायचे, गुपचूप लावायचे. त्या घरात मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर त्या मुकेपणाचं.

वर्षा-दीड वर्षानं मला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी जपायचं, दर पंधरवड्याला यवतमाळला यायचं. हे जाऊबाईंकडून भासऱ्यांना कळलं. त्याच आठवड्यात ते मारेगावच्या एका मिस्त्रीला मागे बसवून घरी घेऊन आले. मिस्त्रीच्या पिशवीत पुढच्या स्प्रिंगांवर बसवायच्या जाड लोखंडी चकत्या होत्या, पातळ-जाड अशा वेगवेगळ्या, आणि लांब बोल्ट. त्या बसवल्या की गाडीचं नाक वर येतं आणि गाडी सरळ उभी राहते. कापसाला या कामाचा काडीचा उपयोग नव्हता, उलट ऐन हंगामात गाडी उभी राहणार होती. लोक म्हणाले, "काहून भाऊ, गाडीले शर्यतीत धाडता का?" भासरे म्हणाले, "धाडतो. तुले काय करा लागते?"

अंगणात जॅक लागला, खाली लोखंडी घोड्या आल्या, पुढची चाकं निघाली. मिस्त्री टेप घेऊन मोजायला लागला तर भासऱ्यांचा टेपवर विश्वास नाही. ते जाऊबाईंची परात घेऊन आले, पाण्यानं भरली आणि मागच्या हौद्यात ठेवली. "पाणी खोटं बोलत नाई," म्हणाले. चकती बसवायची, चाकं लावायची, गाडी खाली सोडायची, परात पाहायची. पाणी अजून पुढच्या काठाकडेच येतंय, की पुन्हा सगळं खोला आणि जाड चकती घाला. दुपारपर्यंत मिस्त्री घामानं न्हाऊन निघाला. शेवटी सगळ्यात जाड चकत्या बसल्या तेव्हा पाणी चारी काठांना सारखं लागलं आणि भासऱ्यांनी मिशीतल्या मिशीत हसून गाडीला थोपटलं.

मी दारात उभी राहून हे बघत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. कारण त्या अंगणात मी रोज सडा टाकायची. अंगणाला फाटकाकडे चांगला उतार होता आणि गाडी तोंड फाटकाकडे करून उभी होती. उतारावर सरळ केलेली गाडी सपाट रस्त्यावर तोंड वर करून चालणार, हे मला दिसत होतं. पण सांगू कशी? जाऊबाई नेमक्या दळण घेऊन गेलेल्या. मिस्त्री परका माणूस. गाडीला सांगावं तर तिच्याखाली मिस्त्री आडवा! शेवटी मी पदर घेतला, बादली उचलली आणि ओट्यावरून सगळं पाणी अंगणात ओतलं.

पाणी निघालं ते थेट गाडीखाली. मिस्त्री "अरे बाप्पा!" म्हणत भिजलेली पाठ घेऊन बाहेर आला. पाणी भासऱ्यांच्या चपलांजवळून पुढे गेलं, फाटकाखालून रस्त्यावर उतरलं. भासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग परातीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. मग टायरवर टेकून बसले आणि इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "गाडी व," ते म्हणाले, "मी त अंगणालेच सरळ करून राह्यलो होतो. तुह्या घरात एक तरी शहाणं माणूस हाय म्हून बरं." मी आत पळाले. त्या घरात माझं कौतुक झालेलं ते पहिलंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली, तिथला सिमेंटचा ओटा सपाट म्हणून. तिथे मधल्या जाडीच्या चकत्या बसल्या. पुढचं मला जाऊबाईंनी पोट धरधरून सांगितलं. गाडी सरळ झाल्यावर भासऱ्यांनी घरून नेलेली उशी काढली, गमछ्यानं पोटाशी बांधली आणि मिस्त्रीला चालवायला बसवून स्वतः माझ्या जागेवर बसले. पोटावर हात ठेवून, पाय मोकळे सोडून, थेट आमच्या गावापर्यंत! रस्त्यानं ओळखीचे लोक थांबून बघत होते. हा मिशीवाला, गावात दरारा असलेला माणूस. त्याला काय कमी लाज असेल? पण उतरल्यावर एवढंच म्हणाला, "आता सरकत नाई."

आठव्या महिन्यात एका दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. नवरा शाळेवर. भासऱ्यांनी गाडी काढली, मधे जाऊबाई, खिडकीशी मी. मला आधीचं सगळं आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार. "गाडी व, भिऊ नको," ते सारखं म्हणत होते. "मारेगाव गेलं. आता रस्ता चांगला हाय." मी कळ दाबत ओरडले, "गाडीला म्हणावं, जोरात चाल!" ते म्हणाले, "नाई. आज मी सांगन तशीच चालन ते." प्रत्येक खड्डा त्यांनी असा ओलांडला, जसं काही मांडीवर निजलेलं लेकरू घेऊन चालले आहेत. मी सीटवर जिथे बसले होते तिथेच यवतमाळपर्यंत राहिले, तसूभरही घसरले नाही.

मुलगी झाली. एवढीशी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण जगली. चिमी. भासरे वॉर्डात आले नाहीत, रीत आड आली. बाहेर जिन्यावर बसून ढसाढसा रडले, हेही जाऊबाईंनीच सांगितलं.

तिला बोलता यायला लागलं आणि गाडीचं काम सुटलं. आमचे सगळे निरोप चिमी पोचवायची. "चिमे, तुह्या मायले सांग, भाजी झकास झाली." "चिमे, मोठ्या बाबांना विचार, गोळी घेतली का?" कधीकधी दोघंही एकाच खोलीत, मधे ती, आणि ती बिचारी ऐकलेलंच पुन्हा ऐकवायची. मला खरं सांगायचं तर त्या बोलण्याची सवय नव्हे, आवड लागली होती. माझ्या वडिलांनंतर माझी एवढी चौकशी कुणी केली नाही.

मागच्या चैत्रात ते वावरातून आले, छातीत दुखतं म्हणाले, पाणी मागितलं. जाऊबाई पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांना अंगणात ठेवलं होतं. बायका आल्या, रडल्या, मीही पदर ओढून लांब भिंतीशी बसले होते, रीतीप्रमाणे. चिमी त्यांच्याजवळ उभी होती. माणसांनी तिरडी उचलायची तयारी केली तशी ती घाईघाईनं माझ्याकडे आली आणि कानाशी लागून म्हणाली, "आई, मोठे बाबा चालले. त्यांना काय सांगू?"

"तू राहू दे बाई," मी म्हणाले. "हे मीच सांगते."

मी उठले, सगळ्यांच्या समोर त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि त्यांना पहिल्यांदा हाक मारली, "भाऊजी."