व्यालेलं जनावर

माहेराहून बाळ घेऊन घोडेगावला सासरी आले, त्याच दिवशी थोरल्या दिरांनी ओट्यावर चार माणसांसमोर माझ्या नवऱ्याला सांगितलं, "व्यालेलं जनावर पळत न्हाई. हिला राजीनामा द्याला लाव."

दीर गुरांच्या बाजारातले दलाल. म्हैस विते आणि बाई बाळंत होते, हा फरक त्यांना चांगला कळत होता. कळत होता म्हणूनच बोलले. मी सैन्यात शिपाई. रजा संपली की पळण्याची चाचणी होती, आणि त्यात नापास झाले असते तर नोकरी सोडवायला घरच्यांना आयतं निमित्त मिळालं असतं. नवरा खाली मान घालून बसला. त्याचाही राग आहे, पण तो वेगळा ठेवलाय. दिरांवर मात्र मी डूख धरला.

डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं चालायला सांगितलं, मग हळूहळू पळायला. सासूबाईंनी पोटाला करकचून बांधलेला जुन्या लुगड्याचा पट्टाही डॉक्टरीणबाईंनीच सोडायला लावला. पहिल्यांदा पळाले तेव्हा पाटाच्या कडेला लघवी सुटली, सलवार भिजली. लाज वाटली, पण त्याहून संताप आला. 'व्याली, व्याली' असं दातओठ खात पुटपुटत घरी आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे, जमेल तेव्हा. मग भाकरी थापताना आवळले, बाळाला पाजताना आवळले. दिरांच्या हातात चहाचा कप देतानाही आवळले, आणि त्यांना पत्ता नाही याचं मला फार सुख वाटे.

चाचणी पास झाले. घरी पेढे वाटले, दिरांनी एक खाल्ला आणि विषय बदलला.

पुढच्या रजेत दुभती म्हैस बघायला आम्ही बाजारात गेलो. दिरांकडे एक ताजी व्यालेली होती. कुणीतरी चुकून तिचं रेडकू दुसऱ्याच टेम्पोत चढवलं आणि टेम्पो हलला. म्हशीनं दाव्याला हिसडा दिला आणि उधळली. दीर पोट सावरत चार पावलं धावले आणि शेणात बसले. व्यापारी हसायला लागले. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि टेम्पोपाशी तिला गाठलं.

दावं दिरांच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धरा, भाऊजी. व्यालेलं जनावर पळत न्हाई म्हनला हुता ना? आज दोन पळाली."